छत्री, हेलिकॉप्टर आणि फिरकी

सोमवारी आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगा येतोय. कॉलेजमधून थेट, अजून ओळखपत्राचा फोटोसुद्धा काढलेला नसेल. परवा दोघंतिघं मला कॉफी मशीनपाशी गाठून म्हणाले, "काय करायचं याचं?" म्हणजे फिरकी कशी घ्यायची. मी टीममधला जुना माणूस (वय वर्षे अठ्ठावीस, पण आयटीत हे म्हातारपणच), त्यामुळे असल्या बाबतीत माझा सल्ला घेतात. मी म्हटलं, सोमवारी सकाळी सांगतो.

आणि आज शनिवारी चहाचा कप घेऊन हे लिहायला बसलोय. कारण फिरकी म्हटलं की मला माझा मावसभाऊ आठवतो. आणि त्याची छत्री.

आमचं घर गडचिरोलीचं. दादा, म्हणजे हा मावसभाऊ, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत त्याला पहिल्यांदाच दुर्गम भागातली ड्यूटी लागली. आमच्याकडे निवडणुकीची ड्यूटी म्हणजे शहरासारखं शेजारच्या शाळेत जाऊन बसणं नसतं. मतदानाची वेळही तिथे सकाळी सात ते दुपारी तीन एवढीच, म्हणजे अंधाराआधी परत फिरता यावं. कित्येक पोलिंग पार्ट्यांना मतदान यंत्रांसकट हेलिकॉप्टरने बेस कॅम्पवर सोडतात आणि तिथून पुढे पोलिसांच्या बंदोबस्तात पायी. मतदान होतं 11 एप्रिलला, ही मंडळी दोन दिवस आधीच अहेरीला जमली होती.

आता तुम्हीच विचार करा. ज्या माणसाने आयुष्यात विमान फक्त खालून पाहिलंय, त्याला एकदम हेलिकॉप्टर! त्यात घरचे घाबरलेले. भाग नक्षलग्रस्त, त्यामुळे ते घाबरणं काही उगाच नव्हतं. (त्याच वर्षी 1 मेला, मतदानानंतर तीन आठवड्यांच्या आत, जांभुळखेड्याच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि गाडीचा चालक गेले.) दादाचा चेहरा त्या दिवशी काय झाला असेल, ते मी सांगायला नको. आणि नवख्याचा असा चेहरा दिसला की जुन्या लोकांना काय होतं, तेही सांगायला नको :-)

दादाच्या गटात दोन मास्तर होते जे आधी एकेकदा हेलिकॉप्टरने जाऊन आले होते. एकदाच! पण त्या एका फेरीवर ते थेट वैमानिकाच्या थाटात बोलत होते.

पहिल्या मास्तरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, "हे पाय गा, हेलिकॉप्टर वळलं का आपण उलट्या बाजूले झुकाचं. सगळ्याईनं. नाही तं पलटते."

दादाला हे अगदी पटलं. पटणारच. लहानपणापासून तो डोंग्यातून नदी ओलांडत आलेला. लाकडाच्या डोंग्यात बसलात की असंच असतं, एकाने अंग इकडे टाकलं की दुसऱ्याने तिकडे, नाहीतर सगळे पाण्यात. मग जे पाण्यात खरं, ते हवेत का नसेल? चांगल्या फिरकीचं हेच तर गमक आहे. ती समोरच्याच्या अर्ध्या माहितीवर उभी असते.

दुसऱ्या मास्तरांनी सांगितलं, "धूळ लय उडते बे. छत्री आण. चढताना उघडून धरजो समोर."

हेही पटलं. एप्रिलचं ऊन, तशी छत्री पिशवीत होतीच.

हेलिकॉप्टर आलं. हवाई दलाचं एमआय-17. ज्यांनी ते जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, वरचा पंखा पाच पात्यांचा आणि त्याचं वर्तुळ साधारण 21 मीटर व्यासाचं. आमच्या गडचिरोलीच्या घराच्या अख्ख्या प्लॉटवर मावणार नाही एवढं. ते खाली उतरतं तेव्हा धुळीचा जो काही लोट उठतो, त्यात समोरचा माणूस दिसत नाही. पाती थांबायची वाट बघत नव्हते, तशीच फिरत असताना माणसं चढवत होते. रांग पुढे सरकली. दादाने डोळे बारीक करत पिशवीतून छत्री काढली आणि बटणावर अंगठा ठेवला.

पुढचं त्याला नीट आठवत नाही. क्रूमधला एक जण धावत आला आणि त्याने दादाचं मनगट धरून छत्री खाली दाबली. एका हाताने छत्री काढून घेतली, दुसऱ्या हाताने दादाला वाकवून आत नेलं. आत गेल्यावर कानाशी ओरडून विचारलं, "मास्टरजी, ये छाता खोलने को किसने बोला?"

दादाने नाव नाही सांगितलं. पण दुसरे मास्तर जिथे बसले होते तिथे त्यांचा चेहरा असा झाला की सांगायची गरजच नव्हती.

मग त्या माणसाने हातवारे करून सगळ्यांनाच समजावलं. उघडी छत्री त्या वाऱ्यात हातात राहत नाही. ती कुठे जाईल याचा नेम नाही. वर पात्यांत गेली, मागच्या पंख्यात गेली, इंजिनाकडे ओढली गेली, तर आतले-बाहेरचे कोणीच सुरक्षित नाहीत. म्हणूनच तिथे टोपी, गमछा, कागद, काहीही सुटं चालत नाही आणि डोक्याच्या वर काही धरायचं नाही. दोन मिनिटांपूर्वी तोंड दाबून हसणारे वीसेक लोक एकदम गप्प.

हेलिकॉप्टर उडालं. आणि डावीकडे वळलं.

एमआय-17 मध्ये बाकडी दोन्ही भिंतींना लागून असतात, माणसं समोरासमोर बसतात. दादा डावीकडच्या बाकावर. उलट्या बाजूला झुकायचं म्हणजे पुढेच. तो इमानेइतबारे पुढे झुकला आणि त्याचं डोकं समोरच्या केंद्राध्यक्षांच्या गुडघ्यावर जाऊन टेकलं. मग हेलिकॉप्टर उजवीकडे वळलं, दादा मागे रेलून भिंतीला चिकटला. एकटाच. बाकी कोणी हलेना. त्याला वाटलं, काय बेजबाबदार लोक आहेत! म्हणून त्याने इतरांच्या वाटणीचंही झुकायला सुरुवात केली :-D

छत्रीमुळे गोठलेलं वातावरण पुन्हा सैल झालं. आधी एक हसला, मग दुसरा, मग सगळं हेलिकॉप्टर. क्रूमधल्या त्या माणसालाही काय चाललंय ते कळलं. तो हसला नाही. त्याने गंभीर चेहऱ्याने दादाकडे बघून अंगठा दाखवला. शाबास, असंच चालू ठेवा.

बेस कॅम्पवर सगळे उतरले. पात्यांपासून बरंच लांब आल्यावर त्या माणसाने गुंडाळलेली छत्री दादाच्या हातात दिली आणि म्हणाला, "अब खोलिये मास्टरजी, धूप बहुत है." आणि वळता वळता, "आप झुके, इसलिए ठीक से पहुँचे."

दादा ही गोष्ट अजून सांगतो. लग्नात सांगतो, बारशाला सांगतो. झुकण्याचा भाग तो अभिनय करून सांगतो. छत्रीचा भाग मात्र हळू आवाजात.

मला या गोष्टीत तो क्रूमधला माणूस फार आवडतो. एकाच दिवशी, एकाच नवख्यावर झालेल्या दोन फिरक्या. एकीत तो धावून आला आणि दुसरीत स्वतः सामील झाला. नियमांचं पुस्तक न उघडता त्याला फरक कळला होता.

उडणाऱ्या लोकांमध्ये अशा फिरक्यांची परंपरा जुनी आहे. जगभरच्या हँगरमध्ये नवख्याला सांगतात, "जा रे, स्टोअरमधून एक बादली प्रॉपवॉश घेऊन ये." प्रॉपवॉश म्हणजे पंख्याने मागे फेकलेली हवा! ती बादलीत कशी आणणार? पण पोरगं बिचारं बादली घेऊन स्टोअरवाल्याकडे जातं, स्टोअरवाला म्हणतो संपलंय, शेजारच्या हँगरमध्ये विचार. किंवा मग "फ्लाइट लाइन" आणायला पाठवतात, दोनशे फूट. फ्लाइट लाइन म्हणजे विमानं रांगेत उभी असतात ती जागा. चक्कर मारून आल्यावर हशा, चहा, आणि दोन शब्द कायमचे पाठ.

पहिल्यांदा एकट्याने विमान उडवून खाली उतरलात की अंगावर बादलीभर पाणी. ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. अमेरिकेत तर शर्टाची मागची बाजू कापून भिंतीवर टांगतात. त्यामागची गोष्ट अशी सांगतात की जुन्या विमानांत शिकणारा पुढे आणि गुरुजी मागे बसायचे, बोलायला यंत्र नव्हतं, मग गुरुजी शर्ट ओढून खुणा करायचे. एकट्याने उडवलंस ना? मग आता ओढायला शर्ट कशाला हवा!

पॅराशूटवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. आमचा एक कलीग ऑनसाइट असताना स्कायडायव्हिंग शिकून आला. त्याने सांगितलेलं. पहिल्या उडीत तुम्हाला प्रशिक्षकाच्या पोटाला बांधलेलं असतं. विमान वर चढत असतं, तुमची देवाची सगळी नावं घेऊन झालेली असतात, आणि तेवढ्यात मागून आवाज येतो, "टेन्शन नको घेऊ, माझीही पहिलीच वेळ आहे." कोणी विमानात बसून 'पॅराशूट कसे उघडावे' छापाचं पुस्तक वाचायचं नाटक करतो. पहिलं काहीही केलंत की सगळ्यांना बीअर पाजायची. पहिली उडी, पहिल्यांदा उभ्याने उतरणं, पहिल्यांदा भलत्याच शेतात उतरणं, सगळ्याला बीअर. आणि शंभरावी उडी झाली की तोंडावर क्रीमने भरलेली थाळी.

मी त्याला विचारलं, मग कधी कोणाचं पॅराशूट लपवणं, दोरी बांधून ठेवणं, असलं काही? तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याच्या आईविषयी काहीतरी बोललो. म्हणाला, दुसऱ्याच्या पॅराशूटला विचारल्याशिवाय कोणी बोटही लावत नाही. पिना, हँडल, उंची दाखवणारं घड्याळ, यांच्यावर विनोद नाही. पाठीवर चढवण्याआधी तपासायचं, विमानात चढण्याआधी तपासायचं, उडी मारण्याआधी तपासायचं. एकदा एका नवीन पोराने मजा म्हणून कोणाच्या तरी हँडलकडे हात नेला, आणि तेवढ्या गोंगाटात अख्खा हॉल शांत झाला.

म्हणजे तेच. छत्री.

आता इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, सुरक्षेच्या गोष्टींची थट्टा करू नये, हे काय सांगायला हवं? मलाही बरीच वर्षं एवढंच वाटायचं. पण दादाच्या गोष्टीचा एक तुकडा मी मुद्दाम मागे ठेवलाय.

त्या रात्री बेस कॅम्पवर छत्रीवाले मास्तर दादाशेजारी येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चुकलं गा माझं. मले खरंच मालूम नोहतं."

हे वाक्य महत्त्वाचं आहे. मास्तर दुष्ट नव्हते. त्यांना हेलिकॉप्टरची माहिती दादाइतकीच होती, फक्त एका फेरीने जास्त. झुकायची फिरकी निरुपद्रवी आणि छत्रीची जीवघेणी, हे त्यांना दिसतच नव्हतं. त्यांच्या लेखी दोन्ही सारख्याच गमतीच्या. फरक दिसला तो फक्त त्या क्रूमधल्या माणसाला, कारण त्याला पाती माहीत होती.

म्हणजे फिरकी घ्यायची तर घेणाऱ्याला ते काम नीट यायला हवं. हँगरमधला म्हातारा मेकॅनिक प्रॉपवॉशची बादली आणायला पाठवतो, कारण त्याला पक्कं माहीत असतं की या चकरेत पोराचे पाय दुखतील, बाकी काही होणार नाही. घोळ होतो तो कालपर्यंत स्वतः नवखे असलेल्यांमुळे. स्कायडायव्हिंगमध्ये शंभरेक उड्या झाल्यावर ज्याला सगळं कळलं असं वाटतं त्याला चिडवायला एक नावच आहे, 'शंभर उड्यांचा चमत्कार'. इंजिनिअरिंग कॉलेजात बघा ना, रॅगिंग घ्यायला सर्वात उत्सुक कोण असायचे? शेवटच्या वर्षाचे नाही. सेकंड इयरचे. ज्यांना आदल्या वर्षी भिंतीशी उभं केलेलं असायचं ते. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा 1999 सालीच झाला, यूजीसीचे कडक नियम 2009 ला आले, ते काही उगाच नाही. तिथेही सगळे 'गंमत' म्हणूनच करायचे.

आणि सेकंड इयरचा मीही होतो. म्हणजे नोकरीतला.

मला दीड वर्ष झालं होतं तेव्हा आमच्याकडे एक नवीन मुलगी लागली. मी तिला म्हटलं, "क्लाऊडच्या सर्व्हर रूमची किल्ली घेऊन ये, तिसऱ्या मजल्यावर मिळेल." ती गेली. तिसऱ्यावरच्यांनी पाचव्यावर पाठवलं, पाचव्यावरच्यांनी सिक्युरिटीकडे. सिक्युरिटीच्या काकांनी बिचाऱ्यांनी खरंच ड्रॉवर उघडून किल्ल्यांचे जुडगे शोधले. तासाभराने ती परत आली तेव्हा अख्खा फ्लोअर उभा राहून टाळ्या वाजवत होता. ती हसली. मला वाटलं, आवडलं तिला. (क्लाऊड म्हणजे नक्की काय ते मला स्वतःला कळून तेव्हा सहा महिने झाले होते, ही गोष्ट वेगळी.)

चार महिन्यांनी एका शनिवारी रात्री रिलीज होता. एका फाईलमध्ये पत्ता टेस्टच्या डेटाबेसचा राहून गेला होता. माझी चूक, मीच ती फाईल टाकली होती. तिला तो दिसला. रिलीजच्या वीस मिनिटं आधी दिसला. तिने विचारलं नाही. सिस्टिम पहाटे चारपर्यंत बंद होती.

सकाळी चहाच्या टपरीवर मी तिला विचारलं, अगं मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "मला वाटलं, परत तसंच काहीतरी असेल. सगळे हसतील."

त्या चहाची चव अजून जिभेवर आहे.

विमानाच्या जगाने हा धडा फार महागात शिकलाय. 27 मार्च 1977. टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुकं. एका जंबोच्या कॅप्टनने उड्डाण सुरू केलं, दुसरं जंबो अजून त्याच धावपट्टीवर होतं. कॅप्टन कंपनीतला नावाजलेला, इतरांना शिकवणारा माणूस. कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, त्याने ती विचारलीही. कॅप्टनने ठामपणे उडवून लावली, आणि त्याने पुन्हा विचारलं नाही. 583 माणसं गेली. त्यानंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात एक नवीन विषयच आला. थोडक्यात सांगायचं तर, धाकट्याने विचारायचं कसं आणि थोरल्याने ऐकायचं कसं.

म्हणजे पात्यांची थट्टा नको हे तर आहेच. पण नवख्याचं विचारणं हेसुद्धा एक पातंच आहे. सगळे त्यावर उडत असतात आणि ते कोणाला दिसत नाही. मी त्यात छत्री उघडली होती.

नवखा म्हणजे घाबरट किंवा मूर्ख, असंही काही नसतं. पुण्याच्या शीतल महाजन यांची आयुष्यातली पहिलीच उडी 18 एप्रिल 2004 ला उत्तर ध्रुवावर होती, 2400 फुटांवरून. त्या दिवशी त्याही नवख्याच होत्या! नवखा म्हणजे फक्त ज्याला अजून कोणी सांगितलेलं नाही तो.

काल रात्री दादाला फोन लावला. विचारलं, तुला त्या दोन्ही मास्तरांचा राग नाही आला? म्हणाला, "झुकाच्या गोष्टीचा कायले येईल? त्याच्यामुळं तं माझी भीती गेली. मी सगळ्या रस्त्यानं हेलिकॉप्टर सांभाळत होतो ना, भ्याले टाइम कुठं होता?" आणि छत्रीचं? जरा थांबून म्हणाला, "मी दुसऱ्यांदा ड्यूटीवर गेलो तवा एक नवीन पोरगा होता सोबत. त्याले सगळ्यात आधी सांगितलं, हातात काही उघडं ठेवजो नको. मंग सांगितलं, वळलं का झुकजो."

हा क्रम मला फार आवडला. आधी पाती, मग फिरकी.

तर सोमवारचं माझं ठरलंय. नवीन मुलगा आला की आधी त्याला प्रॉडक्शन म्हणजे काय, कुठे हात लावायचा नाही, आणि रात्री दोन वाजता शंका आली तरी कोणाला फोन करायचा, हे सांगणार. माझाच नंबर देणार. मग दुपारी तो मशीन लॉक न करता जेवायला गेला (जाणारच, सगळे जातात) की त्याच्या मेलवरून टीमला एकच ओळ जाईल, 'आज सगळ्यांना समोसे माझ्याकडून.' समोशांचे पैसे मी देणार. एवढ्याने तो आयुष्यभर मशीन लॉक करायला शिकेल.

आणि संध्याकाळी तो माझ्या डेस्कपाशी येऊन काहीतरी बावळट प्रश्न विचारतो का, ते बघणार. विचारला, तर फिरकी जमली.

असो. चहा गार झाला. दुसरा टाकतो.